दुकानदार आमदार झाला म्हणजे काय झालं?



परवा आमच्या तालुक्याच्या गावी बुद्धविहाराच्या ओट्यावर बैठक झाली. विषय इलेक्शन. आमचा मतदारसंघ राखीव, त्यामुळे दर पाच वर्षांनी ओटा गरम होतो आणि नंतर पाच वर्षं त्यावर कुत्री झोपतात. एक जुना कार्यकर्ता उठला. नामांतराच्या वेळी लाठ्या खाल्लेला, तुरुंगात बसलेला, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन. तो म्हणाला, "बास झाली चळवळ. आपल्यातला एक गडी वर आलाय. वीटभट्टी आहे, दोन टिपर आहेत, बाजारात दुकान आहे. पैशाला पैसा लावू शकतो. त्याला उभा करू. एकदा तो आमदार झाला की बाकीचं आपोआप होतंय."

लगेच मागून एक पोरगा ओरडला, "अण्णा, धंदेवाला म्हणजे दलाल! तो आपल्याला विकून खाईल!"

झालं. अर्धा ओटा अण्णांच्या बाजूनं, अर्धा पोराच्या. तासभर कालवा. शेवटी कोपऱ्यात बसलेली एक आज्जी बोलली. तिला कुणी बोल म्हणालं नव्हतं. ती म्हणाली, "लेकरांनो, तो चांगला का वाईट ते राहू द्या. तो निवडून आला तर कुणाच्या मतानं येईल? आपली घरं किती, त्यांची किती? मग तो ऐकणार कुणाचं?"

ओटा गप्प. मीही गप्प. चहा आला, बैठक संपली.

आज्जीच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं म्हणून हे लिहितोय. पण उत्तर सरळ देत नाही. आधी एका माणसाची हकीकत सांगतो. तो आपल्या देशाचा नाही. गुलाम म्हणून जन्मला, लहान गावात दुकान टाकलं, राज्याच्या विधिमंडळात जाऊन बसला. रॉबर्ट स्मॉल्स त्याचं नाव. गाव ब्यूफर्ट, राज्य दक्षिण कॅरोलिना, देश अमेरिका. आपण ब्लॅक पँथरचं नाव घेतो, १९७२ साली त्यांच्यावरून आपल्याकडे दलित पँथर निघाली हे छाती फुगवून सांगतो. पण त्या काळ्या लोकांनी शंभर वर्षं आधी आमदारक्या मिळवल्या होत्या आणि त्या त्यांच्या हातातून कशा हिसकावल्या गेल्या, हे आपण वाचत नाही. ते वाचलं पाहिजे. आपल्या ओट्यावरचं भांडण तिथं होऊन गेलंय.

स्मॉल्स १८३९ साली जन्मला, मालकाच्या वाड्यामागच्या खोलीत. आई लिडिया ही घरकामाची गुलाम. मालक हेन्री मॅकी. पोरगं बारा वर्षांचं झालं तसं मालकानं त्याला चार्ल्सटन शहरात भाड्यानं लावलं, बैल लावतात तसं. हॉटेलात वाढपी, रस्त्यावर दिवे लावणारा, मग बंदरात हमाल, शिडं शिवणारा आणि शेवटी जहाजाचं सुकाणू धरणारा. मजुरी मालकाच्या खिशात. पोराच्या हातावर आठवड्याला एक डॉलर. जहाज तोच हाकायचा, पण त्याला 'पायलट' म्हणायचं नाही. तो शब्द गोऱ्यासाठी. काम तुमचं, पदवी त्यांची. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

लग्न केलं तर बायको दुसऱ्या मालकाची. पोरगी झाली तर तीही त्या मालकाची. बायको आणि लेकीला विकत घेऊन सोडवायची किंमत ठरली आठशे डॉलर. आठवड्याला एक डॉलर मिळवणाऱ्यानं आठशे कधी जमवायचे?

मग यादवी युद्ध सुरू झालं. गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेच्या सैन्यानं स्मॉल्स ज्या बोटीवर होता ती 'प्लँटर' बोट तोफा आणि दारूगोळा वाहायला घेतली. १३ मे १८६२. गोरे अधिकारी रात्री बोट सोडून शहरात झोपायला गेले होते. तेवीस वर्षांच्या स्मॉल्सनं कप्तानाची टोपी डोक्यावर चढवली, वाफ केली, बोट सोडली. वाटेत दुसऱ्या धक्क्यावरून बायका-पोरांना घेतलं. किल्ल्यांसमोरून जाताना ठरलेल्या खुणेच्या शिट्ट्या वाजवल्या. पहारेकऱ्यांना वाटलं कप्तानच चाललाय. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर वर चढवली आणि बोट, तोफा, माणसं सगळं उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. आठशे डॉलरचा हिशेब एका पहाटेत चुकता.

इथं पहिली गोष्ट ध्यानात घ्या. चरित्रं लिहिणारे म्हणतात, स्मॉल्सनं बोट पळवली. अरे, एकट्यानं बोट पळते का? इंजिनाला माणूस लागतो, भट्टीला लागतो, दोर सोडायला लागतो. त्या बोटीवर सगळे गुलाम खलाशी होते आणि पकडलो तर मरण आहे हे जाणून बायका-पोरं चढली होती. एकानं तोंड उघडलं असतं तर सगळे फासावर. कुणी तोंड उघडलं नाही. स्मॉल्सची पुढची सगळी आमदारकी, खासदारकी ह्या न उघडलेल्या तोंडांवर उभी आहे.

नंतर त्याच बोटीचा तो कप्तान झाला. युद्धात मर्दुमकी गाजवली. पण १८६४ साली फिलाडेल्फिया शहरात, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेत, ट्रामगाडीत बसला तर कंडक्टरनं उठवलं. काळ्यानं आत बसायचं नाही. वीर असशील तुझ्या घरी. जातीचं पण असंच आहे. पदवी घ्या, बंगला बांधा, गाडीतून उतरल्यावर कोण आहात ते ती सांगतेच.

आता दुकानाकडे या. आपला वाद दुकानावर आहे.

युद्धात ब्यूफर्टचे गोरे मळेवाले पळून गेले होते. त्यांनी सरकारचा कर भरला नाही, म्हणून सरकारनं त्यांची घरं आणि जमिनी लिलावात काढल्या. बोट आणून दिल्याबद्दल स्मॉल्सला दीड हजार डॉलर बक्षीस मिळालं होतं. १८६४ साली त्या लिलावात त्यानं कुठलं घर घेतलं? मॅकीचंच. ज्या वाड्यामागच्या खोलीत आपण जन्मलो तो वाडा. पुढं गोऱ्यांनी दावा लावला, घर परत मागितलं. खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १८७८ साली स्मॉल्स जिंकला. हा एका घराचा निकाल नव्हता. ब्यूफर्टच्या आसपासच्या बेटांवर हजारो सुटलेल्या गुलामांनी अशाच लिलावाच्या जमिनी थोड्या थोड्या करून घेतल्या होत्या. स्मॉल्स हरला असता तर त्यांच्याही सातबाऱ्यावर घाला पडला असता. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येतं.

युद्ध संपल्यावर त्यानं भागीदारीत किराणा-मालाचं दुकान काढलं. गिऱ्हाईक सुटलेले गुलाम. भागीदाराचं नाव रिचर्ड ग्लीव्ह्ज, तोही काळा, तो पुढं राज्याचा उपराज्यपाल झाला. स्मॉल्सनं मास्तर लावून लिहिणं-वाचणं शिकून घेतलं, वयाच्या पंचविशीत. काळ्या मुलांच्या शाळेसाठी इमारत घेतली. १८७२ साली वर्तमानपत्र काढलं. चार्ल्सटनमध्ये बंदरातून स्टेशनपर्यंत माल वाहणारी घोड्यांची रेल्वे काढणाऱ्या काळ्यांच्या कंपनीत तो होता. म्हणजे अण्णा म्हणतात तसा 'वर आलेला गडी' होता, यात वाद नाही.

आणि मागून ओरडणाऱ्या पोरालाही सांगतो. बाबा रे, धंदा केला म्हणून कुणी दलाल होत नाही. जोतीराव फुले बांधकामाचे मक्तेदार होते. तेच जोतीराव १८७६ पासून पुण्याच्या म्युनिसिपालटीत बसले आणि व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसा उधळायला एकट्यानं विरोध केला. त्याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तेव्हा स्मॉल्स दक्षिण कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये बसत होता. आपल्या माणसानं दुकान टाकलं, ट्रक घेतला, तर आपल्या पोटात दुखायचं कारण नाही. गावच्या सावकाराच्या आणि पाटलाच्या दारात जायची एक फेरी वाचली. पण दुकान आणि आमदारकी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकान गल्ल्यावर चालतं. आमदारकी कशावर चालते?

आज्जीचा प्रश्न हाच आहे. तो स्मॉल्सला विचारून बघू.

१८६८ साली दक्षिण कॅरोलिनाची नवी घटना लिहायला परिषद बसली. १२४ प्रतिनिधी, त्यातले ७६ काळे. तीन वर्षांपूर्वी ज्यांची किंमत बाजारात ठरायची ते घटना लिहीत होते. स्मॉल्स त्यात होता. त्यानं तिथं काय मागितलं? मक्ता मागितला नाही, महामंडळ मागितलं नाही. सगळ्या मुलांना सरकारी शाळा, फुकट आणि सक्तीची, हे मागितलं. त्या घटनेनं त्या राज्यात पहिल्यांदा सगळ्यांसाठी सरकारी शाळा आणल्या. गरीब गोऱ्यांच्या पोरांनाही त्या शाळा मिळाल्या, हे गोरे पुढं सोयीनं विसरले.

मग तो राज्याच्या विधानसभेत निवडून आला, १८७० पासून सिनेटमध्ये. पुढं वॉशिंग्टनच्या लोकप्रतिनिधी सभागृहात पाच वेळा. कुणाच्या मतावर? ब्यूफर्ट जिल्ह्यात काळे प्रचंड बहुसंख्य होते. मत द्यायला निघालेला काळा शेतकरी गोऱ्या मालकाच्या जमिनीवर राबणारा नव्हता. पाच-दहा एकराचा का होईना, स्वतःच्या तुकड्याचा धनी होता. मत दिलं म्हणून त्याला कुणी झोपडीतून काढू शकत नव्हतं, कुणी धान्य बंद करू शकत नव्हतं. म्हणूनच सगळ्या राज्यात काळ्यांचं राजकारण मोडलं तरी ब्यूफर्टमध्ये ते उशिरापर्यंत टिकलं. पायाखाली जमीन होती, त्या जमिनीवर मत होतं आणि मतावर खुर्ची. आपण काय करतो? खुर्ची आधी मागतो. खाली हवा.

आता गोऱ्यांनी काय केलं ते ऐका. त्यांनी खुर्चीवर हल्ला नंतर केला. आधी मतावर केला.

१८७६ साली हॅम्बर्ग नावाच्या गावात काळ्या शिपायांना पकडून गोळ्या घातल्या. त्या वर्षीच्या निवडणुकीत लाल शर्ट घातलेल्या टोळ्या बंदुका घेऊन सभांमध्ये घुसायच्या. राज्य गोऱ्यांच्या हातात परत गेलं. १८७७ साली केंद्राचं सैन्य निघून गेलं आणि लगेच स्मॉल्सवर खटला. आरोप असा की सिनेटच्या छपाई समितीत असताना त्यानं छपाईच्या मक्त्यासाठी पाच हजार डॉलर लाच घेतली. मुख्य साक्षीदार सिनेटचा कारकून, जो त्याच छपाईच्या घोटाळ्यात स्वतः अडकलेला. शिक्षा झाली तीन वर्षं. अपिलावर तो सुटून होता आणि १८७९ साली राज्यपालानं माफी दिली. बदल्यात केंद्रानं काय केलं? निवडणुकीत गुंडगिरी केलेल्या गोऱ्यांवरचे खटले सोडून दिले. म्हणजे न्याय नव्हता, देवाणघेवाण होती.

इथं मी स्मॉल्सची वकिली करणार नाही. त्या काळी त्या सिनेटमध्ये पैसा चालत होता, गोऱ्यांचा चालत होता, काळ्यांचाही चालला असेल. आपल्या माणसानं खाल्लं तर ते खाणंच. 'आपला आहे, खाऊ दे' असं म्हणणारा कार्यकर्ता मला परवडत नाही. पण एक बघा. रेल्वे, बाँड, छपाई यांत लाखोंनी खाणारे गोरे शेवटी अब्रूदार राहिले, आणि 'काळ्यांना राज्य करता येत नाही' याचा पुरावा म्हणून स्मॉल्सचं नाव पन्नास वर्षं पुस्तकांतून फिरवलं. आपला एक सापडला की सगळी जात चोर. त्यांचा सापडला की तो एकटा चोर, आणि पाच वर्षांनी परत मंत्री. म्हणून आपल्या आमदाराला शंभर टक्के हिशेब ठेवावा लागेल. हा अन्याय आहे, मला मान्य आहे. पण त्याची कागदं स्वच्छ नसतील तर ते फास त्याच्या गळ्यात टाकतील आणि दोर आपल्या सगळ्यांच्या मानेवर ओढतील.

१८७८ सालचा एक प्रसंग सांगतो. गिलिसनव्हिल नावाच्या गावी स्मॉल्सची प्रचारसभा होती. लाल शर्टवाले घोड्यांवरून आले, सभा वेढली. स्मॉल्स आणि त्याची थोडी माणसं एका दुकानात शिरली, दार लावून घेतलं. बाहेरून गोळ्या. दुकानदार आमदार शेवटी दुकानातच कोंडला गेला! आता त्याचा पैसा काय करणार, वाडा काय करणार? त्याला वाचवलं कुणी? बातमी शेतांतून पसरली आणि चहूबाजूंनी काळी माणसं निघाली, बाया निघाल्या, हातात जे सापडलं ते घेऊन. ती गर्दी बघून घोडेस्वार पळाले. त्या दिवशी खरी सत्ता कुठं होती ते सांगा. आत लपलेल्या साहेबाजवळ की बाहेरून येणाऱ्या माणसांजवळ?

बंदूक दरवेळी चालेना म्हणून मग कायदा आणला. १८८२ साली आठ पेट्यांचा कायदा. प्रत्येक पदाला वेगळी पेटी, चिठ्ठी चुकीच्या पेटीत पडली की मत बाद. ज्याला वाचता येत नाही त्यानं काय करायचं? पेट्यांची जागा मध्येच बदलायची, म्हणजे आधी शिकवून पाठवलेलाही फसेल. त्याच साली मतदारसंघांच्या रेषा अशा ओढल्या की काळी मतं एकाच मतदारसंघात कोंबली जावीत आणि बाकी सगळे गोऱ्यांना मोकळे. एक जागा घ्या आणि गप्प बसा. ओळखीचं वाटतंय ना?

शेवटचा घाव १८९५ साली. बेन टिलमन नावाच्या पुढाऱ्यानं नवी घटना लिहायला परिषद बोलावली. उद्देश उघड होता, काळ्यांचं मत काढून घ्यायचं. १६० प्रतिनिधी. राज्यात काळ्यांची वस्ती साठ टक्क्यांच्या आसपास, पण परिषदेत काळे किती? सहा. त्यातले पाच ब्यूफर्टचे. स्मॉल्स त्यात होता, छपन्न वर्षांचा. नियम ठरले. मत द्यायचं तर घटनेचं कलम वाचून दाखवा, किंवा वाचलेलं समजलं हे अधिकाऱ्याला पटवा, नाहीतर तीनशे डॉलरची मालमत्ता दाखवा. वर डोईपट्टी आगाऊ भरा. समजलं की नाही हे ठरवणार कोण? गोरा अधिकारी. कायद्यात 'काळा' हा शब्दच नाही, आणि एक काळा मतदार उरू नये अशी सगळी सोय.

गोरे-काळे लग्नाला बंदी घालायचं कलम आलं. सगळे पवित्र चेहरे करून बसले होते. स्मॉल्सनं उठून दुरुस्ती मांडली. काळ्या बाईशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्याला कुठलंही सरकारी पद मिळू नये, आणि त्या संबंधातून झालेल्या मुलाला बापाचं नाव मिळावं. सभागृहाची दातखीळ बसली. अर्ध्यांची घरं त्यात सापडली असती. दुरुस्ती अर्थातच पाडली. आपल्या गावात दिवसा विटाळ मानणारे रात्री कुठं जातात, हे आपल्या आयाबहिणींना ठाऊक आहे. विधानसभेत ते कुणी बोललं का? बोलणारा माणूस पाठवलाय का आपण?

परिषद संपली, घटना मंजूर झाली, सह्या सुरू झाल्या. स्मॉल्स म्हणाला, मी सही करणार नाही. त्याला सुनावलं, सही नाही तर प्रवासखर्च नाही. तो म्हणाला, मग मी पायी घरी जाईन.

दोस्तहो, आमदाराची परीक्षा निवडून येण्यात नाही. निवडून येणं हे पैशानं, पक्षानं, जातीच्या गणितानं जमतं. परीक्षा ही, की कुठल्या कागदावर तो सही करत नाही.

पण इथंच थांबलो तर हा लेख भाषण होईल, टाळ्या पडतील आणि संपेल. पुढचं कडू आहे. स्मॉल्सनं सही केली नाही, तरी ती घटना लागू झाली. १९०२ साली त्या विधिमंडळातला शेवटचा काळा आमदार बाहेर पडला. पुढचा काळा आमदार कधी निवडून आला? १९७० साली. मध्ये अडुसष्ट वर्षं. नातू म्हातारे झाले. एका माणसाच्या धैर्यानं ती अडुसष्ट वर्षं टळली नाहीत. १९६५ साली मताच्या हक्काचा कायदा झाला, तो रस्त्यावर रक्त सांडून, हजारो साध्या माणसांनी मतदार नोंदणीच्या रांगेत मार खाऊन. तेव्हा दार उघडलं.

१९१३ साली स्मॉल्सची ब्यूफर्ट बंदरातली कस्टम कलेक्टरची नोकरीही गेली. त्याच साली एक तरुण न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. आपला भीमराव. १९१५ साली स्मॉल्स त्याच वाड्यात मेला. बाबासाहेब तेव्हा त्याच देशात अभ्यास करत होते. त्यांनी पुढं गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना लिहून ठेवली, १९४६ साली काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं. तेव्हा मी दोन हकीकती ओढूनताणून जोडत नाही.

आता आपल्या ओट्यावर परत या.

बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ कशाला मागितले होते? आज्जीच्या प्रश्नासाठीच. आपला प्रतिनिधी आपल्या मतानं यावा, म्हणजे तो आपलं ऐकेल. १९३२ साली ते मिळाले, आणि गांधीजी येरवड्यात उपाशी बसले. एका बाजूला त्यांचा प्राण, दुसऱ्या बाजूला खेड्याखेड्यातल्या आपल्या माणसांच्या माना. २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. प्रांतांच्या विधिमंडळांत राखीव जागा ७१ च्या १४८ झाल्या, मतदारसंघ संयुक्त झाले. जागा दुप्पट आल्या, किल्ली त्यांच्याकडे गेली. स्मॉल्सला सही नाकारता आली, बाबासाहेबांना करावी लागली. कुणी जास्त शूर, कुणी कमी, असा प्रश्न मूर्खपणाचा आहे. दोघांच्या हातातून जी वस्तू गेली ती एकच, आपल्या माणसांनी आपला माणूस निवडायची ताकद.

निकाल काय लागला? १९५२ साली उत्तर मुंबईच्या राखीव जागेवर राज्यघटनेच्या शिल्पकाराला काँग्रेसच्या काजरोळकरांनी पाडलं. १९५४ साली भंडाऱ्यात पुन्हा पाडलं. बाबासाहेब पडतात आणि दुसरा निवडून येतो, तेव्हा ती जागा कुणासाठी राखीव आहे ते समजून घ्या. १९५५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशननं ह्या राखीव जागा बंद करा असा ठराव केला तो उगाच नाही. आज महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ पैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी. १०४ व्या घटनादुरुस्तीनं मुदत वाढवलीय ती जानेवारी २०३० पर्यंत. तेव्हा परत वाद पेटेल. 'राहू द्या' म्हणून ओरडायला आपण सगळे जमू. पण त्या २९ जणांनी कुठल्या कागदावर सही केली नाही, हे कुणी विचारलंय?

म्हणून अण्णांना माझं उत्तर असं. अण्णा, तुमच्या वीटभट्टीवाल्याला विरोध नाही. पण संयुक्त मतदारसंघात पैसेवाला उभा राहिला की त्याला तिकीट देणारा पक्ष त्यांचा, निवडून देणारं मत बहुतेक त्यांचं, आणि भट्टीला माती, टिपरला परमिट, बिलाला मंजुरी देणारेही तेच. त्याला तीन दोऱ्या बांधलेल्या. आपली चौथी दोरी कुठाय? ती नसेल तर तो माणूस देव असला तरी त्यांच्याच बाजूला ओढला जाणार. त्यात त्याचा दोष थोडा, आपला जास्त.

चौथी दोरी वळायला काय लागतं ते ब्यूफर्टनं दाखवलंय. आधी पायाखाली जमीन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४-६५ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लोक बायका-पोरांसकट तुरुंगात गेले, ते ह्याच शहाणपणानं. आपल्या गायरानाच्या पट्ट्यांची प्रकरणं तहसीलात धूळ खात पडलीत, आणि आपण बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर भांडतो. मग मत. मतदारयादीत आपली किती नावं आहेत, किती गळालीत, ऊसतोडीला गेलेल्यांची काय व्यवस्था, हे घरटी वही घेऊन बघणारा एक पोरगा मला दहा भाषणबाजांपेक्षा मोठा वाटतो. मग आपल्या शेजारची घरं. मातंग, चर्मकार, भटके, आदिवासी, गरीब मुसलमान, गरीब कुणबी. त्यांच्या चुलीपर्यंत न जाता आज्जीच्या गणिताचं उत्तर निघत नाही. आपली घरं कमी आहेत हे खरं. पण दाबलेली घरं कमी नाहीत.

एवढं करून मग त्या धंदेवाल्याला ओट्यावर बोलवा. खुर्ची देऊ नका, आपल्यासारखा खाली बसवा. त्याला विचारा, इलेक्शनचा पैसा कुणाचा? वस्तीतून दहा-दहा रुपये जमवले तर तू ते घेशील का, आणि हिशेब इथं वाचून दाखवशील का? आमदार झाल्यावर सरकारी मक्ते सोडशील का? दर अधिवेशनानंतर इथं येऊन कुठले प्रश्न विचारले ते सांगशील का? आणि शेवटचा प्रश्न आज्जीला विचारू द्या.

दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या आवारात बेन टिलमनचा पुतळा आहे, १९४० साली बसवलेला. २०२४ साली त्याच आवारात रॉबर्ट स्मॉल्सचं स्मारक उभारायचा कायदा त्याच विधिमंडळानं केला. मत काढून घेणाऱ्याचा पुतळा आणि मत राखायला गेलेल्याचं स्मारक, एकाच हिरवळीवर. त्याच २०२४ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं त्या राज्याचा मतदारसंघांचा नकाशा योग्य ठरवला. ह्या नकाशानं चार्ल्सटनमधले हजारो काळे मतदार एका मतदारसंघातून उचलून दुसऱ्यात टाकले. ज्या मतदारसंघातून ते उचलले, त्यातच ब्यूफर्ट येतं. स्मारक घ्या, रेषा आम्ही ओढतो. आपल्याकडेही पुतळे भरपूर झालेत. चौकाचौकात आहेत. हार घालायला सगळे पक्ष येतात.

अण्णा, पुढची बैठक लावा. मी मतदारयादी घेऊन येतो. पोरांनो, तुम्ही वह्या आणा. आणि त्या आज्जीला निरोप द्या, की तुझा प्रश्न पहिला घेणार आहोत.

जयभीम.